हक्काची भरपाई

महापुराची बातमी चार दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहते. पाणी ओसरल्यानंतरची कैफियत मात्र कोणत्याच पानावर येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांतील गावेच्या गावे वेढली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. पाणी उतरले, मंत्र्यांचे दौरे झाले, स्वयंसेवकांनी चिखल उपसला. ज्यांच्या भिंती खचल्या आणि संसार भिजला, त्यांची दुसरी, अधिक लांबलेली परीक्षा त्यानंतर सुरू झाली. ती होती भरपाई मिळवण्याची.

भरपाईचे मार्ग दोन. पहिला शासनाचा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांप्रमाणे मैदानी भागात पूर्णपणे नष्ट झालेल्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवण्यात आले. एवढ्या पैशात आज घराचा पायासुद्धा नीट भरून निघत नाही. शासनही या रकमेस ‘मदत’ म्हणते, ‘भरपाई’ म्हणत नाही. दुसरा मार्ग विम्याचा. येथे प्रश्न दयेचा नसून कराराचा आहे. विमेदाराने हप्ता भरला, कंपनीने जोखीम पत्करली. नुकसान झाल्यावर कंपनीने पैसे देणे हा व्यवहाराचा उत्तरार्ध आहे. तरीही हप्ता घेताना घरी येणारी कंपनी दावा देताना दाराबाहेर तिष्ठत ठेवते, आणि करारातील बरोबरीचा पक्ष असलेला माणूस अर्जदार होऊन उभा राहतो. असे का होते, याचा विचार केला पाहिजे.

पहिले कारण अज्ञानाचे, आणि ते लादलेले आहे. गृहकर्ज घेणाऱ्या असंख्य कुटुंबांच्या घराचा विमा उतरवलेला असतो, परंतु ती पॉलिसी बँकेच्या कपाटात असते. आपल्या खात्यातून कसला हप्ता वजा झाला हे घरमालकाला ठाऊक नसते. ज्याच्या हाती ती पॉलिसी असते त्याला तिच्यातील इंग्रजी कायदेशीर भाषा उलगडत नाही. दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, हे कलमही त्याला प्रत्यक्ष रक्कम आल्यावरच कळते.

दुसरे कारण सर्वेअरच्या स्थानाचे आहे. ठरावीक रकमेवरील नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेअरने करावी, असे १९३८ चा विमा कायदा सांगतो. हा सर्वेअर कायद्याने निष्पक्ष असला तरी त्याची नेमणूक कंपनी करते आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते. व्यक्तिशः तो प्रामाणिक असेल. पण पूरग्रस्ताच्या बाजूने मोजमाप करणारा कोणी तेथे नसतो. त्यातच पूरग्रस्तापुढे एक विलक्षण पेच असतो. रोगराईच्या भीतीने घरातला चिखल आणि भिजलेले सामान तातडीने बाहेर काढावे लागते, नगरपालिकेची गाडी ते उचलून नेते. आणि नंतर आलेला सर्वेअर विचारतो, नुकसानीचा पुरावा कोठे आहे? स्वच्छतेचे कर्तव्य पार पाडणाऱ्याचाच दावा त्यामुळे दुबळा होतो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. घर पडलेल्या माणसाला पैसा आज हवा असतो, कंपनीला घाई नसते. चार लाखांच्या नुकसानीपोटी दीड लाख देऊ केले जातात आणि सोबत ‘संपूर्ण व अंतिम समाधान’ झाल्याच्या पावतीवर सही मागितली जाते. भाड्याच्या खोलीत मुलाबाळांसह दिवस काढणारा माणूस सही करतो. या सहीला संमती म्हणायचे, तर गरजेपोटी निम्म्या मजुरीवर राबणाऱ्या शेतमजुराचीही त्या मजुरीस संमती असते असे म्हणावे लागेल.

न्यायालयांनी आणि नियामकांनी या विषमतेची दखल घेतलेलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९९ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी पावती दबावाने वा फसवणुकीने घेतल्याचे दाखवून दिल्यास उर्वरित रकमेचा हक्क बुडत नाही. सर्वेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अखेरचा शब्द नव्हे, असेही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीने आणखी एक जुना काच दूर केला. वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचाच असेल, तर पूर्वी चार लाखांच्या नुकसानीपोटी दोनच लाख हाती पडत. या पॉलिसीत अपुऱ्या विम्याच्या नावाखाली अशी कपात करता येत नाही. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने सर्वेअरची नेमणूक दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत व्हावी आणि त्याचा अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यावा, असे बंधन घातले. कागदपत्रे अपुरी आहेत एवढ्याच कारणाने दावा नाकारू नये, असेही बजावले.

दादही मागता येते. कंपनीने तक्रार फेटाळली, वा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकिलाला प्रवेश नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक आहे. तो मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचे दार दोन वर्षांच्या मुदतीत उघडे असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावरून ठरत असल्याने सामान्य घरमालकाचे काम जिल्हा आयोगातच, आणि शुल्क न भरता, होऊ शकते.

मग अडते कोठे? नियम पुस्तकात असतो आणि पूरग्रस्त चिखलात असतो. या दोघांची गाठ घालून देणारे कोणी नसते. संघटित कामगाराला त्याची युनियन असते. विमेदार लाखोंच्या संख्येने असूनही कंपनीपुढे प्रत्येक जण एकटा उभा असतो. हे एकटेपण हेच कंपनीचे खरे बळ आहे.

सामान्य विम्याच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर देण्याचा प्रयत्न झाला होता. १ जानेवारी १९७३ पासून १०७ खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सार्वजनिक कंपन्या अस्तित्वात आल्या. जनतेच्या बचतीवर जनतेचा ताबा असावा, हे त्यामागील तत्त्व होते. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलाला पुन्हा वाट मोकळी झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक कंपन्यांत शासनाचे किमान ५१ टक्के भांडवल असण्याची अटही उठली. मालकीचा हा प्रश्न लहान नाही. मात्र सार्वजनिक कंपनीच्या खिडकीवरही विमेदाराला हेलपाटे घालावे लागले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मालकी बदलल्याने खिडकीपलीकडची वृत्ती आपोआप बदलत नाही. त्यासाठी खिडकीअलीकडच्या माणसांची संघटना लागते.

या संदर्भात कार्यकर्त्यांनी आपल्या मदतकार्याची कल्पना व्यापक केली पाहिजे. धान्य, चादरी आणि औषधे पोचवणे आवश्यकच आहे. त्याचबरोबर पाणी उतरताच प्रत्येक घराच्या भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे घेणे, भिजलेल्या वस्तूंची यादी सामान हलवण्यापूर्वी करणे, कंपनीला लेखी सूचना देऊन तिची पोच घेणे, महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत मिळवणे, ही कामे त्याच आठवड्यात झाली पाहिजेत. पूररेषेतील गावांत पावसाळ्यापूर्वीच कोणाच्या घराचा विमा आहे याची चौकशी करून बँकेकडून पॉलिसीची प्रत मागवावी. सर्वेअर येईल त्या दिवशी घरमालकाबरोबर एक जाणता माणूस उभा राहावा. कमी रकमेच्या पावतीवर सही करण्याची वेळ आलीच, तर ती ‘हरकत राखून’ करावी आणि तसे पत्र त्याच दिवशी कंपनीला पाठवावे.

या सर्व खटाटोपाबाहेर आणखी मोठा समाज उरतो. ज्याच्या घराखालची जमीनच त्याच्या नावावर नाही, ज्याची भिंत पत्र्याची आणि छप्पर ताडपत्रीचे आहे, त्याच्या दारात विमा कंपनीचा माणूस हप्त्यासाठीही जात नाही. त्याच्या घराच्या सुरक्षिततेची हमी समाजाने सामूहिकरीत्या घ्यावी, ही मागणी सोडता येणार नाही. परंतु ज्याने पैसे मोजून हक्क विकत घेतला, त्यालाही तो मिळवून देता येत नसेल, तर ज्याच्याकडे हक्काचा कागदच नाही त्याची लढाई कोणत्या तोंडाने लढणार? पहिली लढाई जिंकण्याजोगी आहे, आणि तिची तयारी पुढच्या पावसाळ्याआधी करावयाची आहे.