बोटावरचा आकडा आणि कातडीचा रंग

कोरोनाने भिवंडीला श्वासाची किंमत शिकवली. २०२० साली शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय उभी राहिली. तिचे दार सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी खुले होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत राज्यभर आरोग्य पथके पल्स ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. त्या चिमट्याने दाखवलेल्या आकड्यावर कोणाला खाट मिळायची आणि कोणाला घरी पाठवायचे, हे ठरू लागले. म्हणूनच आमचा प्रश्न आहे : हा आकडा सर्वांशी सारखाच खरे बोलतो काय?

उत्तर 'नाही' असे आहे. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवते आणि रक्ताने किती प्रकाश शोषला त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधते. परंतु काळ्या कातडीतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा परिणाम जगापुढे मांडला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली होता, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत आढळले. काळ्या रुग्णांच्या बाबतीत ११.७ टक्के! म्हणजे जवळपास तिप्पट. याचे मूळ चाचणीतच होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या नियमानुसार दहा निरोगी माणसांवर यंत्र तपासले, त्यात दोघे काळे असले, की पुरे! २०२५ च्या जानेवारीत त्याच प्रशासनाने दीडशे माणसांवर, सर्व वर्णछटांवर चाचणी घेण्याचा मसुदा काढला.

कातडीचा रंग म्हणजे जात नव्हे, हे आम्ही जाणतो. पण नाक्यावर उन्हात उभा राहणारा, गोदामात माल चढवणारा, यंत्रमागावर बारा तास राबणारा माणूस सावळा-काळाच असतो. त्याच्या बोटावर हे यंत्र तपासले गेले काय, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. ज्याची मोजणीच चुकते, त्याला न्याय कसा मिळणार?

यंत्र फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ते नीट वापरा. आधी पाच मिनिटे शांत बसा. नखावर रंग किंवा मेंदी असेल तर दुसरे बोट घ्या. यंत्रमागाचे तेल, काजळी धुवा. गार हात चोळून ऊब आणा. हात हलवू नका आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहून ठेवा. एकाच आकड्यापेक्षा तो रोज घसरतो आहे काय, हे महत्त्वाचे. गोदामाला आग लागून धूर छातीत गेला असेल, तर यंत्र ९८ दाखवले तरी विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला चांगलेच दिसते. अंगात रक्त कमी असलेल्या मायमाऊलीचाही आकडा चांगला येतो, कारण यंत्र रक्ताचे प्रमाण मोजत नाही. दम लागत असेल, छाती दुखत असेल, माणूस गोंधळलेला असेल, तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. काळ्या चेहऱ्यावर निळेपणा लवकर दिसत नाही. ओठांची आतली बाजू आणि हिरड्या पाहा.

महापालिका आणि शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. ऑक्सिमीटर खरेदीच्या निविदेत सावळ्या-काळ्या त्वचेवरील चाचणीचा पुरावा मागा. आशा भगिनींच्या हाती खात्रीचे यंत्र आणि त्याच्या मर्यादांचे प्रशिक्षण द्या. रुग्णाची अवस्था आणि आकडा जुळत नसेल, तर धमनीतील रक्ताची तपासणी गरिबाला फुकट मिळाली पाहिजे. २०२१ च्या जुलैत केंद्राने या यंत्रावरील नफ्याला मर्यादा घातली. किंमत आटोक्यात आणता येते, तर अचूकतेची हमी का मागता येऊ नये?

बांधवांनो, पुढच्या वेळी कोणी आकडा दाखवून दारातून परत पाठवले, तर मान खाली घालून निघू नका. माणूस तपासा, असे ठणकावून सांगा. बोट आमचे आहे, श्वासही आमचाच आहे!