सातारा व सांगली जिल्ह्यांतील रुग्णालयांत रुग्णहक्कांच्या अंमलबजावणीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय : महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील 2021 च्या सुधारणांनुसार दरफलक, रुग्णहक्क सनद व तक्रार निवारण कक्ष प्रत्यक्षात आणणे आणि रुग्णालय तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवणे.

महोदय / महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे दोन्ही जिल्ह्यांतील रुग्ण, रुग्णांचे नातेवाईक आणि नागरिक आहोत. कोणा एका डॉक्टरविरुद्धचे गाऱ्हाणे घेऊन आम्ही आलेलो नाही. तशा तक्रारींसाठी वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. आमचे म्हणणे प्रशासनाशी आहे. कायद्याने रुग्णाला जे द्यायचे ठरून गेले, ते दवाखान्याच्या दारापर्यंत का पोचत नाही, हे विचारायला आणि त्यावर काय करता येईल हे सांगायला आलो आहोत.

दोन जिल्ह्यांचे मिळून एकच निवेदन देण्याला कारण आहे. आजारी माणूस जिल्ह्याची हद्द पाहून दवाखाना निवडत नाही. शिराळा-वाळव्याचा रुग्ण कराड गाठतो, खटाव-माणचा कधी साताऱ्याला तर कधी कराडला जातो, आणि जतच्या पूर्व भागातून उमदीकडचा माणूस शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून मिरजेत येतो. मिरजेत तर सीमेपलीकडच्या अथणी, जमखंडी, विजापूरकडचेही रुग्ण येतात, आणि ते काही आजकाल येऊ लागलेले नाहीत. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले तेव्हापासून या गावाला दवाखान्यांचे गाव म्हणून नाव आहे. पुढे 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, 1984 मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, अलीकडे साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय मिळाले. डॉक्टरांची वाण या पट्ट्यात, निदान मोठ्या गावांत, नाही. उणीव आहे ती रुग्णाला आधी सगळे सांगण्याची आणि नंतर कोणीतरी ऐकून घेण्याची.

आम्ही नवा कायदा मागत नाही. मुंबई प्रांतात 1949 साली झालेला शुश्रूषागृह नोंदणी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारला नाही, त्यामुळे खासगी रुग्णालयांवर देखरेखीचे मुख्य साधन हेच. 14 जानेवारी 2021 रोजी त्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. खाटेचे दररोजचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांच्या भेटी, ऑपरेशन थिएटर, भूल अशा बाबींचे दर दर्शनी भागात लावायचे. रुग्णहक्क सनद लावायची. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही. स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक सुरू करायचा. हे सगळे अधिसूचित होऊन वर्षे लोटली. काही रुग्णालयांनी फलक लावले आहेत आणि त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. पण अनेक ठिकाणी तो फलक दाराच्या मागे, लिफ्टच्या आड, इंग्रजीत, किंवा मुळीच नाही. तक्रार कक्ष कोठे भरतो, हे तालुक्याच्या गावी विचारून पाहावे. उत्तर देणारा भेटणे कठीण.

अंमलबजावणी ढिली राहिली की काय होते, याची किंमत सांगली जिल्ह्याने मोजली आहे. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्यालगत पुरलेले 19 स्त्रीभ्रूण सापडले. एका 26 वर्षांच्या विवाहितेचा बेकायदा गर्भपातात जीव गेला, म्हणून ते उजेडात आले. त्या दवाखान्याविषयी आधीच तक्रार गेली होती, पथक जाऊन आले होते आणि त्याला आक्षेपार्ह काही आढळले नव्हते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते. तो तपासणी अहवाल गावाला वाचायला मिळाला असता, तर ‘अहो, तुम्ही खालची खोली पाहिलीच नाही’ असे म्हणणारा एखादा तरी गावकरी निघाला असता, असे आम्हाला वाटते. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 867 मुली होत्या. हा आकडा एका दवाखान्याने तयार केलेला नाही. पुढे 2021 मध्ये मिरजेतील एका खासगी कोविड रुग्णालयातील 87 मृत्यूंबाबत गुन्हा दाखल होऊन डॉक्टरला अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परवानगी कोणी, काय पाहून दिली, याचे उत्तर मात्र प्रशासनाने द्यायचे असते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी तपासणीच्या कागदांबाबत आहे. दोन्ही जिल्ह्यांतील नोंदणीकृत शुश्रूषागृहांची तालुकावार यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवावी. त्यात खाटांची संख्या, नोंदणीची मुदत, जबाबदार डॉक्टरांची पात्रता, शेवटची तपासणी केव्हा झाली, त्रुटी काय निघाल्या आणि त्या दूर झाल्या का, एवढे असावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे ही माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपणहून जाहीर करायची असते. यासाठी नवा निधी लागत नाही, नवे पद लागत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी फाईल उघडतेच. ती उघडल्यावर दोन पाने लोकांसाठी बाहेर ठेवावीत, एवढीच विनंती. महापालिका हद्दीत नोंदणीचे काम महापालिकेकडे आणि बाहेर जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे, या विभागणीत सांगली-मिरजेच्या वेशीवरचे दवाखाने कोणाच्याच डोळ्यांना दिसेनासे होऊ नयेत, म्हणून यादी एकत्र असावी.

दरफलकाबाबत. ‘दर रिसेप्शनवर विचारा’ हा फलक दरफलक नव्हे. अक्षर मोठे हवे, भाषा मराठी हवी, आणि मिरज शहरात व जत तालुक्यात मराठीच्या जोडीला कन्नड हवे. मिरजेच्या रुग्णालयांत औषधांचे हिशेब आणि ऑपरेशनच्या गोष्टी कन्नडमध्ये समजावून देणारे कर्मचारी असतातच. धंद्यासाठी जी भाषा चालते ती हक्क सांगण्यासाठीही चालावी. लहान दवाखान्यांची बाजूही आम्ही जाणतो. आटपाडी, माण, जत अशा भागांत दहा-बारा खाटांचे रुग्णालय चालवणारा डॉक्टर रात्री दोनला उठून बाळंतपण करतो, आणि त्याच्या दारात उद्या तपासणी पथकाने येऊन कुलूप लावले तर गावाचेच नुकसान होईल. फलक, सनद आणि बिलाचा तपशील या गोष्टींना खर्च नसल्यासारखाच आहे, त्यांना सवलत नको. इमारत, जागा यांबाबतच्या त्रुटींना मात्र लेखी मुदत द्यावी, आणि ती मुदतही यादीत लिहावी.

संमतीपत्राविषयी आम्हाला जरा विस्ताराने लिहावे लागत आहे. भरती होतानाच नातेवाईकाची सही घेतली जाते, आणि त्या कागदावर ‘पुढे जे काही करावे लागेल त्यास संमती’ अशा अर्थाचा मजकूर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात याबाबत स्पष्ट निकाल दिला आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश तिच्या आईच्या होकारावर काढले गेले होते. रुग्ण सज्ञान असताना आणि जीव तातडीने धोक्यात नसताना दुसऱ्याचा होकार चालत नाही, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्याला लागू होत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

हा निकाल आमच्या दोन जिल्ह्यांत कोणाला सर्वाधिक लागू पडतो, तर दिवाळीनंतर आमच्याच साखर कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड बायकांना. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे समोर आले, विधिमंडळात प्रश्न झाला, समिती नेमली गेली आणि बीडमध्ये खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. पण त्याच बायका वर्षातील चार-पाच महिने कृष्णा-वारणेच्या काठी आमच्या फडात असतात. पाळीचा त्रास झाला तर खाडा पडतो, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, आणि कोपीपासून जवळचा दवाखाना कोणता हे मुकादमालाच ठाऊक असते. बीडमध्ये लावलेली चाळणी इथे नसेल तर तिचा उपयोग निम्माच. म्हणून आमची मागणी अशी की, चाळीस वर्षांखालील स्त्रीची गर्भपिशवी काढण्यापूर्वी, तातडीची वेळ सोडून, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे; अशा प्रत्येक शस्त्रक्रियेची माहिती दरमहा जिल्हा शल्यचिकित्सकांना जावी; आणि गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर आरोग्य विभागाच्या स्त्री डॉक्टरची ठरलेल्या वारी फेरी व्हावी. कारखान्यांच्या अध्यक्षांना बोलावून हे सांगणे जिल्हाधिकाऱ्यांइतके दुसऱ्या कोणाला सोपे नाही.

कागदपत्रे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायची असतात. 2023 मध्ये आलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनी लागू आहे. प्रत्यक्षात डिस्चार्ज कार्ड हातात पडते आणि केसपेपर, भुलीची नोंद, नर्सिंगच्या नोंदी यांसाठी खेटे सुरू होतात. 72 तासांचा हा नियम सनदेच्या फलकावरच लिहावा.

बाकीच्या मागण्या थोडक्यात मांडतो.

रुग्णालयाच्या आवारातील मेडिकलमधूनच औषध घेण्याची सक्ती नाही, अशी पाटी लावण्याचे निर्देश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये दिले. त्याआधी मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले होते. दोन्ही जिल्ह्यांत पाटी कोठे लागली, कोठे नाही, याची पाहणी व्हावी.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखणे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्याची योजनाही आखून दिली. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात अनामत रकमेवरून एका गर्भवतीच्या मृत्यूचे प्रकरण गाजले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या खाटांची आठवण झाली. आमच्या जिल्ह्यांत आज किती खाटा रिकाम्या आहेत, हे तहसील कार्यालयात आणि रुग्णालयाच्या दारात रोज लिहिले जावे. तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट मागून उपचार थांबवल्यास तो गंभीर भंग समजावा. 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून हा प्रश्न कायद्यात तरी मिटलेला आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राची खिडकी रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी सांभाळावी, कारण हृदयविकार कार्यालयीन वेळ पाहून येत नाही. योजनेत बसणाऱ्या रुग्णाकडून वरचे पैसे घेतल्याची तक्रार आल्यास तिचा निकाल लेखी द्यावा.

सरकारी रुग्णालयांनाही हेच लागू करावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांचा विभाग वेगळा. सामान्य रुग्णाला दोन्ही म्हणजे ‘सिव्हिल’च. तेव्हा कोठे काय मोफत आणि कशाला पैसे, हे प्रवेशद्वारावर ठळक लिहावे. कांदाटी खोऱ्यातून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून आलेल्या रुग्णाला खिडकीवर उभे राहून शासनाचे विभाग समजावून घ्यायला लावू नये.

शेवटी तक्रार कक्षाविषयी. जिल्ह्याच्या ठिकाणी एक टेबल आणि एक बंद पडलेला दूरध्वनी, असा कक्ष आम्हाला नको. प्रत्येक उपविभागात महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी सुनावणी व्हावी. तीत आरोग्य अधिकारी, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखेचा प्रतिनिधी, एक स्त्री सदस्य आणि रुग्णांच्या बाजूचे दोन नागरिक असावेत. डॉक्टरांनाही याचा उपयोग आहे. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे, आणि तोडफोड करणाऱ्यांची आम्ही कोणतीही बाजू घेत नाही. पण रात्री मृत्यू झाला, सकाळी बिल आले आणि विचारायला जागाच नाही, अशा वेळी गर्दी जमते. जागा असेल तर निदान काही जण तिकडे वळतील.

कट प्रॅक्टिसचा, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याचा, विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, हे आम्ही जाणतो. 2017 मध्ये राज्याने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला आणि तो मसुदाच राहिला. या निवेदनाची प्रत शासनाकडे पाठवताना तो मसुदा मार्गी लावावा, अशी एक ओळ आपल्या शिफारशीत यावी.

वरील मागण्यांवर दोन्ही जिल्ह्यांची संयुक्त बैठक महिन्याभरात कराड येथे घ्यावी. बैठकीला आम्ही आमच्या तालुक्यांतील फलकांची पाहणी लिहून आणू. प्रशासनाने नोंदणीकृत रुग्णालयांची यादी आणावी. बैठक शक्य नसल्यास कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि कशामुळे, हे लेखी कळवावे.

स्थळ : कराड

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील रुग्ण, नातेवाईक व नागरिक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, सांगली मिरज कुपवाड महानगरपालिका
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सातारा व सांगली
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा व सांगली