कोठडीतली ‘स्वखुशी’



गुन्हा भयंकर असला की चार दिवसांत चौकट छापून येते : आरोपीची ब्रेन मॅपिंगला संमती. मग टपरीवर कुणीतरी म्हणतंच, ‘आता मेंदूच बोलेल!’ कोठडीत काय चालतं ते तुम्हांला नव्याने सांगायला नको. हे पत्रक त्या बातमीतल्या एकाच शब्दासाठी काढलं आहे : संमती.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात जन्मठेप सुनावली, तेव्हा आरोपी तरुणीच्या मेंदूच्या लहरींची नोंदही पुराव्यात धरली गेली. ब्रेन मॅपिंगची ही चाचणी होते कशी? डोक्यावर तारांची टोपी घालून माणसाला डोळे मिटून गप्प बसवतात. मग एकेक वाक्य ऐकवतात. मी विष विकत घेतलं. मी ते कालवलं. तो चकार शब्द काढत नाही. लहरी उठल्या की यंत्र म्हणतं, ही ऐकीव माहिती नाही, याचा स्वतःचा अनुभव आहे! अहो, चौकशीत दिवसरात्र हेच कानांवर आदळलेल्या माणसाला ती वाक्यं अनोळखी वाटतील कशी?

माझ्या मुलीला फिट्स येत, म्हणून तिचा ईईजी, म्हणजे याच लहरींचा आलेख, काढला होता. आदल्या रात्री केस धुवायचे, तेल लावायचं नाही. मग एकेका जागी पेस्ट लावून तारा चिकटवल्या. तंत्रज्ञ बाई सारखं बजावत होत्या, ‘दात आवळू नकोस बाळा, डोळे मिचकावू नकोस.’ कारण पापणी लवली तरी पडद्यावर मेंदूच्या लहरीहून मोठा डोंगर उभा राहतो. मेंदूची लहर असते मायक्रोव्होल्टमध्ये, व्होल्टाच्या दहा लाखाव्या भागात. फिट्सचं निदान त्यावर होतं, आणि ते मोलाचं आहे. पण त्याच तारांवरून माणसाला जन्मभर गजाआड घालायचं? बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्येच तपासातली ही पद्धत अशास्त्रीय म्हणून बंद करायला सांगितली होती.

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं : नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही जबरदस्तीने करायचं नाही. संविधानाचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यापासून वाचवतं, आणि ते कवटीच्या आतही लागू आहे. झालं! जबरदस्ती बंद, म्हणून ‘स्वखुशी’ सुरू.

‘लपवायचं नसेल तर भीती कसली?’ हे ऐकून कान किटले. लपवायचं काही नसलेला माणूसच संमतीवर आधी सही करतो, कारण त्याचा यंत्रावर विश्वास असतो. नकार दिला तर ‘चाचणीला घाबरला’ अशी बातमी फुटते. सही करा वा करू नका, दोन्हीकडून तुम्ही गुन्हेगार. याला संमती म्हणायला जीभ धजते तरी कशी?

दुसरे सज्जन म्हणतात, यंत्र आलं तर मारहाण तरी थांबेल. दंडुका बाजूला ठेवल्याबद्दल मेंदू उघडून द्यायचा, हा व्यवहार खंडणीचा आहे. मारहाण आजही बेकायदाच आहे. ती न करण्याची किंमत आरोपीने का मोजायची?

२०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका शाळेने मुलांच्या कपाळाला मेंदूच्या लहरींवरून लक्ष मोजणारे पट्टे बांधले. लोक खवळले, वापर थांबवावा लागला. मुलांसाठी ओरडायला आईबाप होते. कोठडीतल्याच्या बाजूने ओरडणार कोण?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० सालीच लाय डिटेक्टरसाठी, म्हणजे पॉलिग्राफसाठी, नियम घालून दिले : संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, आरोपीला वकील मिळायला हवा. सेल्वी निकालाने ब्रेन मॅपिंगलाही तसंच संरक्षण द्यायला सांगितलं. आमची मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे. सहीआधी पोलिसांना दालनाबाहेर काढा, दार लावून घ्या, आणि दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला एवढंच विचारावं : तू नाही म्हणालास, तर आज रात्री तुला कुठे नेणार आहेत?