फुकट डोळे, महाग वाट

“मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट होते, मग गरिबाने आंधळे राहावेच का?” बारामतीच्या एका सद्गृहस्थांनी मला विचारले. अहो, १९९४ साली जागतिक बँकेने महाराष्ट्रासह सात राज्यांतील मोतीबिंदू निवारणासाठी कर्ज मंजूर केले. मदुराईची स्वस्त भिंगे परदेशी जातात. जग एवढे जवळ आले! पण इंदापुरातल्या माझ्या शेजारच्या आजी अजून चाचपडतच चालतात. शस्त्रक्रिया फुकट, हे खरे. पण सोबत जाणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी कोण देणार? पुढे महिनाभर डोळ्यांत थेंब कोण घालणार? साता समुद्रांपलीकडून मदत येते आणि शेजारचा उंबरठा कुणाला ओलांडवत नाही! मीही त्यातलाच, “सुट्टीत नेतो” म्हणत दोन वर्षे घालवली. या दिवाळीत नेणार आहे. वाचकहो, तुमच्या शेजारी कोण चाचपडते आहे?