मैत्रिणीचे नाव

सोळावे वर्ष लागले की मुलाशी मित्राप्रमाणे वागावे, असे सांगणारे जुने संस्कृत सुभाषित आपल्या घराघरांतून ऐकविले जाते. ते ऐकवून झाल्यावर बहुतेक वडीलधारी माणसे पुन्हा वर्तमानपत्रात डोके खुपसतात. मीही त्यांतलाच एक आहे, हे मला नुकतेच कळून आले.

माझी चौदा वर्षांची भाची शिक्षणासाठी आमच्याकडे दिल्लीत राहते. दर रविवारी ताईचा फोन येतो आणि मी तिला चाचणीतील गुण, जेवणखाण व प्रकृती यांचा अहवाल देतो. एका रविवारी ताईने सहज विचारले, ‘‘तिच्या मैत्रिणी कोण कोण आहेत रे?’’ मला एकही नाव सांगता आले नाही. भाची पलीकडच्याच खोलीत होती. तिने ते ऐकले असावे.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आइसलंडमधील किशोरवयीन मुलांविषयीचा मजकूर भाषांतरासाठी माझ्या टेबलावर आला होता. त्या देशात १९९८ साली केलेल्या पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ मुलांनी मागील महिन्याभरात मद्य पिऊन झिंगल्याचे कबूल केले होते. २०१६ साली हेच प्रमाण शेकडा ५ वर आले. रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २३ वरून ३ वर उतरले.

हे केवळ कायद्याने घडले नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहू नये, असा निर्बंध तेथे आहे खरा. पण त्याच्या जोडीला खेळ, संगीत व नृत्य यांसाठी सरकारी पैसा खर्च झाला, शाळाशाळांतून पालकसंघ उभे राहिले, आणि मुलांना काय वाटते हे दरवर्षी मुलांनाच विचारण्यात आले. पालकांची समजूत अशी होती, की थोडाच पण चांगला वेळ दिला म्हणजे पुरे. पाहणीत आढळले, की वेळ किती दिला हेही तितकेच महत्त्वाचे असते. आठवड्यातील कामाच्या दिवसांत आपण आईवडिलांबरोबर बराच वेळ घालवितो, असे सांगणारी मुले १९९७ साली शेकडा २३ होती. २०१२ साली ती शेकडा ४६ झाली.

यावर कोणी म्हणेल, आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढीही नाही. शिवाय आपली मुले रात्री बाहेर असतात कोठे? दोन खोल्यांच्या घरात ती आपल्या डोळ्यांसमोरच तर असतात! आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु डोळ्यांसमोर असणे आणि सोबत असणे यांत अंतर आहे. भाची माझ्या डोळ्यांसमोरच होती. मी तिच्याकडे पाहत होतो, तो मात्र तिच्या प्रगतिपुस्तकातून.

वाढत्या मुलाने घरापासून दूर होणे म्हणजेच प्रौढ होणे, असे पाश्चात्त्य मानसशास्त्रात पुष्कळ काळ मानले जाई. तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चीदेम काइतचिबाशी (१९४०–२०१७) यांनी या कल्पनेला हरकत घेतली. माणूस आपल्या माणसांशी जोडलेला राहूनही स्वतंत्र बुद्धीचा होऊ शकतो, असे त्यांनी आयुष्यभर प्रतिपादिले. आपल्यासारख्या कुटुंबवत्सल समाजाला हा विचार मोठा आधार देणारा आहे. जवळीक सोडावयाची नाही. सोडावयाचा तो हट्ट, की मुलाचा प्रत्येक निर्णय आपणच घ्यावा.

मी एक साधा नेम केला. रात्रीचे जेवण झाल्यावर भाचीबरोबर अर्धा तास फिरावयाचे, आणि अभ्यासाचा विषय काढावयाचा नाही. पहिले आठ दिवस आम्ही जवळजवळ मुक्यानेच चाललो. नवव्या दिवशी ती म्हणाली, ‘‘मामा, त्या दिवशी तू आईला नाव सांगणार तरी कोणाचं? मला इथं मैत्रीणच नाही. माझ्या हिंदीला सगळ्या हसतात. मी डबा एकटीच खाते.’’

सात महिने ती एकटीच डबा खात होती आणि मी ताईला ‘सर्व ठीक’ असे कळवीत होतो! ओठांवर चार उपदेश आले. ते गिळून मी एवढेच विचारले, ‘‘मग डबा कुठं बसून खातेस?’’ ती बोलत राहिली. आम्ही त्या रात्री एकाऐवजी तीन फेऱ्या घातल्या.

सर्वच दुःखे फिरण्याने हलकी होत नाहीत. मुलाची झोप व भूक नाहीशी झाली, उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, अथवा जीव नकोसा झाल्याची भाषा तोंडी आली, तर ‘वयाचे खूळ’ म्हणून ती उडवून लावू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य साहाय्य मिळते.

भाचीला अद्याप मैत्रीण मिळालेली नाही. तिच्या अनुमतीने मी वर्गशिक्षिकांना भेटून आलो आहे; पुढचे पाऊल ती स्वतः टाकील. या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा अहवाल मी दिला नाही. फोन भाचीच्या हाती दिला आणि दार ओढून घेऊन बाहेर आलो. पाऊण तास आतून बोलण्याचा आवाज येत होता.