दारवान आणि आंतला कारभारी

धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा हें गांव फटाक्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. ई-व्यापाराच्या संकेतस्थळांवरून फटाके विकण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या ऑक्टोबरांत मनाई केली. तेथील व्यापाऱ्यानें केवळ भावपत्रक आणि चौकशीचें पान ठेवलें आहे, असें समजूं.

भाड्याच्या लिनक्स यंत्रावर या पानासाठीं दोघे चाकर राबतात. बाहेरच्या जगाशीं बोलणारा दारवान म्हणजे वेब-सर्व्हर. इगोर सिसोयेव या रशियन गृहस्थानें २००४ सालीं खुला केलेला एन्जिनएक्स घ्या. भाव आणि ग्राहकांचे फोन क्रमांक सांभाळणारें ॲप्लिकेशन हा आंतला कारभारी. दोघांमधील निरोप सॉकेटमधून जातो. तें क्रमांकाच्या पोर्टावर ठेवतां येतें, किंवा दोघे एकाच यंत्रावर असल्यास फाइलीच्या रूपांत. आमचें मत फाइलीकडे झुकतें. कारण तिला मालक, गट आणि परवाने असतात. पोर्टावर यंत्रांतील कोणीही थाप मारूं शकतो.

परंतु हे परवानेच प्रथम नडतात. दिवाळीच्या तोंडावर पान उघडावें तों ५०२ हा आंकडा! अशा वेळीं दारवानाची त्रुटींची नोंदवही वाचावी. तींत २ असेल तर फाइलच नाहीं; १११ असेल तर फाइल आहे पण पलीकडे ऐकणारा कोणी नाहीं; १३ असेल तर परवानगी नाहीं.

या तेरावर पुष्कळ लोक घाईनें ७७७ चा उतारा करतात, म्हणजे फाइल सर्वांस मोकळी. पान चालूं लागतें, हेंच वाईट! एकत्र कुटुंबांत चुलत्यांच्या दुकानाचें पानही बहुधा त्याच यंत्रावर असतें. उद्यां त्यांत चोर शिरला तर तो दारवानाचें सोंग घेऊन थेट कारभाऱ्याशीं बोलेल, आणि ग्राहकांचे क्रमांक त्याच्या हातीं जाण्याची वाट मोकळी होईल.

फाइलीचा परवाना ६६० ठेवावा, म्हणजे मालक आणि गट एवढ्यांनाच प्रवेश. आणि दारवानास त्या गटांत घ्यावें. तरीही १३ दिसला तर वाटेवरचे फोल्डर पाहावे. एकही बंद असल्यास पुढें जातां येत नाहीं. उबुंटूनें २०२१ पासून नव्या वापरकर्त्यांचे घर-फोल्डर परक्यांस बंद ठेवले आहेत; यास्तव सॉकेट तेथें न ठेवतां 'रन' या फोल्डरांत ठेवणें बरें. गट बदलल्यावर एन्जिनएक्स पुन्हां सुरू करावा. चालू असलेल्या चाकरास नवा गट आपोआप लागत नाहीं.