घरचे आरोग्य : विजेचा धक्का आणि हृदय

रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी एकदिश विद्युतप्रवाहाच्या क्षणिक धक्क्याने हृदयाची बिघडलेली लय सुधारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज रायपूरच्या मोठ्या रुग्णालयांत असे यंत्र असते. हा धक्का बंद पडलेले हृदय चालू करतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु ती बरोबर नाही.

वाचकहो, हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंज असतो. त्याच्या विद्युत्संदेशाने सारे स्नायू एकजुटीने आकुंचन पावतात. हृदयविकाराच्या झटक्यात कधीकधी ही शिस्त मोडते. खालच्या कप्प्यांतील स्नायूंचा प्रत्येक भाग आपापल्या परीने थरथरू लागतो. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही क्षणांतच मनुष्य बेशुद्ध पडतो. घरातील विजेच्या तारेचा धक्का बसूनही अशीच थरथर सुरू होऊ शकते.

वैद्याच्या यंत्रातील धक्का मोजूनमापून दिलेला असतो. त्याने बहुतेक स्नायुपेशी एकाच वेळी उत्तेजित होतात आणि क्षणभर नवी उत्तेजना घेण्यास असमर्थ ठरतात. भरकटलेल्या लहरींना पुढे वाट उरत नाही, त्या विझतात. मग तो पुंज पुन्हा आपला ताल धरतो. म्हणूनच पूर्णपणे निश्चल झालेल्या हृदयाला या धक्क्याचा उपयोग नसतो. धक्का प्रमाणाबाहेर तीव्र असेल तर पेशींच्या आवरणास सूक्ष्म छिद्रे पडून स्नायू दुबळे होतात. यास्तव नवी यंत्रे प्रवाह आधी एका व मग उलट दिशेने सोडतात आणि कमी शक्तीत काम साधतात.

तथापि, रक्तावाचून राहिलेला स्नायू धक्क्याला नीट दाद देत नाही. काहीच उपाय न झाल्यास प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची आशा सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. ही मिनिटे घरच्यांच्या हाती असतात. मोठे माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे. त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी. मदत येईपर्यंत थांबू नये; थकल्यास दुसऱ्याने हात लावावा.

ही क्रिया कुटुंबातील प्रत्येक प्रौढाने जाणत्या व्यक्तीकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. धक्का देणे हे वैद्याचे काम. तोवर हृदय धक्क्यास योग्य राखणे हे आपले.